बिननक्षीचे टायर

खोली भाड्याने मागायला मी गेले तेव्हा सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि ज्या चौकशीशिवाय परभणीतले इतर घरमालक दाराची कडी काढायला तयार नव्हते, ती जातही विचारली नाही. ते म्हणाले, "चप्पल काढा."

मला वाटलं, घरात सोवळंओवळं कडक असेल. मी निमूटपणे चप्पल काढून ओट्याच्या कडेला ठेवली. सरांनी ती उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला.

"पुढून झिजलीय. घाईचं माणूस दिसतंय. जिन्यावरून कधी घसरलाव का?"

"एकदा," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. त्यांचा आवाजच असा होता की वर्गात उभं केल्यासारखं वाटायचं.

"एकदाच? नशीब समजा. वरची खोली हाय. जिन्याला खडबडीत फरशी बसवलीय मी. राहा."

तेवढ्यात आतून काकू चहा घेऊन आल्या. "आवं, पोरीला बसू तर द्या! चपला काय हुंगायलाव?" त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मी त्या घरात भाडेकरू झाले ती काकूंच्या त्या डोळे मिचकावण्यामुळे. सर तर मला पहिल्या दिवशी वेडेच वाटले, आणि पुढे त्यात मोठा फरक पडला असं मी म्हणणार नाही.

सर बोरीला मुख्याध्यापक होते. गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर परभणीतल्या घरात राहायला आले आणि माणूस निवृत्तीनंतर जे करतो त्यातलं काहीही त्यांनी केलं नाही. देवळात गेले नाहीत, मधुमेहावर बोलले नाहीत, वर्तमानपत्राला पत्रं लिहिली नाहीत. त्यांनी पकड हा विषय घेतला. जमिनीवर पाय, चाक, खूर, काहीही टेकलं की ते तिथे किती धरतं आणि कधी सुटतं, एवढाच विषय. सकाळी भाजी आणायला म्हणून निघायचे आणि रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख दाबत जायचे. नख उमटलं तर मान हलवायचे. नाही उमटलं तर गाडीच्या मालकाला गाठून सांगायचे, "तुमचं टायर म्हातारं झालंय. रबर कडक पडलंय. ब्रेक दाबाल तेव्हा गाडी ऐकायची न्हाई." लोक म्हणायचे, "व्हय सर," आणि सर वळले की हसायचे. कोथिंबीर मात्र रोज विसरायचे. कोथिंबीर मी आणायची.

एकदा लग्नात तर फजितीच झाली. मांडवाच्या बाहेर चपलांचा ढीग. सर जेवायचं सोडून त्या ढिगापाशी उकिडवे बसले आणि एकेक चप्पल उलटी करून बघायला लागले. नवरीच्या मामाने चपलाचोर म्हणून त्यांचं मनगट धरलं. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या पाव्हण्यातले निम्मे लोक ओल्या फरशीवर आपटणार हायत. आचाऱ्याला सांगा, पंगतीत पाणी सांडू देऊ नका." मामा त्यांचाच विद्यार्थी निघाला म्हणून निभावलं. गंमत म्हणजे त्या पंगतीत आपटले ते खुद्द सर, वाढप्याने सांडलेल्या कढीवरून. उठले आणि काकूंना म्हणाले, "बघितलंस?" जणू काही ते मुद्दाम दाखवायलाच पडले होते.

त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता. "पकड हाय." टायरला, बैलाला, एखाद्या पोराच्या हस्ताक्षराला, भाकरी थापणाऱ्या हातालासुद्धा. आवडलेल्या माणसाबद्दल यापलीकडे ते काही बोलत नसत. मी त्यांच्या घरी इतकी वर्षं राहिले, पण ती पदवी मला मिळाली नाही. मला मिळालं ते "घाईचं माणूस," आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

हे खूळ कुठून आलं, ते काकूंनी मला सांगितलं, पापड लाटता लाटता. सरांनी लिलावात एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. निवृत्तीनंतर पहिल्याच पावसाळ्यात तिच्यात सगळे पाहुणे भरून पेडगावच्या शेतावर हुरडा नाही, भजी खायला निघाले. काळ्या रानात जीप रुतली. सर जितका जोर लावत तितकी ती खाली जाई. शेवटी जिंतूरच्या साडूभाऊंनी, म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, ट्रॅक्टर आणून जीप ओढून काढली. तेवढ्यावर भागलं असतं. पण चिखलाने माखलेले सर आणि मागे दोरीला बांधलेली जीप असा फोटो साडूभाऊंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारी तोंडं इतकी आली की सरांनी ग्रुप सोडला. "तवापासून ह्यांच्या डोक्यात चाक फिरायलंय," काकू म्हणाल्या.

साडूभाऊ माणूस वाईट नव्हता. हसरा, गडगडाटी, दरवर्षी नवी मोठी पांढरी गाडी घेणारा. फक्त सरांना चिडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, आणि सरांनाही त्याच्याशी भांडल्याशिवाय सण साजरा झाल्यासारखा वाटत नसे.

आता पेडगावच्या अलीकडे नव्या रस्त्याचा एक सरळसोट तुकडा आहे. पुढच्या ओढ्यावरचा पूल व्हायचा होता, तो अजून व्हायचाच आहे. त्यामुळे रस्ता अगदी झकास, आणि कुठेच जात नाही. पूर्वी शेजारच्या माळावर बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरायचा. बैल कमी झाले, पोरांकडे गाड्या आल्या, मग करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गाड्यांचाच पट भरायला लागला. नियम तेच जुने. दोन गाड्या, चुन्याची एक रेघ, शेवटाला एक लिंब, म्हणजे कडुलिंबाचं झाड. उपरणं खाली पडलं की सुटायचं. लिंबापाशी आधी पोचेल त्याला फेटा.

सर त्यात साडूभाऊंच्या गाडीविरुद्ध उतरले तेव्हा गाव हसलं. पण सरांचं गणित सरळ होतं. ओट्यावर त्यांनी शाळेतला एक टाकाऊ फळा टांगला होता. त्याच्यापुढे मला उभं करून, मी कॉलेजात मराठी शिकवते याचा काहीही विचार न करता, त्यांनी मला समजावलं. इतक्या छोट्या अंतरात इंजिनाचा जोर कामाचा नाही. जोर सगळ्यांकडे असतो. सुटताना चाक जागेवर गरगरलं की तो जोर धुरात गेला. जो पहिल्या हिसक्याला रस्ता धरील, तो जिंकेल.

"म्हणजे टायर चांगलं हवं," मी म्हणाले.

"चांगलं म्हणजे कसलं?" सर खडूसकट माझ्याकडे वळले. "सांगा. कसलं?"

"खोल नक्षीचं. नवंकोरं."

सरांनी डोक्याला हात लावला. "बसा खाली!"

मग ते म्हणाले की नक्षी असते पाण्यासाठी. पावसात खाचांतून पाणी निघून जावं म्हणून. कोरड्या रस्त्यावर खाच म्हणजे तेवढी जागा रिकामी. रस्त्याला जास्तीत जास्त रबर लागायला हवं, तेही मऊ, नख उमटेल असं. टायरच्या भिंती ताठ नकोत. सुटताना त्या जरा दुमडल्या पाहिजेत, म्हणजे धक्का एकदम न बसता चाक बसकण मारून रस्ता धरतं. ऐकताना मला झोप येत होती, पण बसा खाली म्हटल्यावर उठायची हिंमत नव्हती.

असलं टायर परभणीत कुठे मिळणार? सर जुनी टायरं घेऊन रिमोल्डच्या दुकानात गेले. तिथे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून नक्षी पाडून देतात. सर म्हणाले, मऊ रबर चढवा आणि नक्षी पाडू नका. दुकानाचे मालक, चाचा, त्यांच्याकडे बघतच राहिले. "सरजी, लोगां गंजे टायरां पे नक्षी डालने कू आते. तुम गंजा का गंजाच रखने कू आए?" सर म्हणाले, "गंजाच पाहिजे. बिलकुल गुळगुळीत." चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. टायर आले ते असे गुळगुळीत की काकू म्हणाल्या, "ह्याच्यावर पोळी लाटता येईल."

पोळी लाटली नाही, पण पीठ सांडलं खरं. टायरमध्ये हवा किती ठेवायची हे ठरवण्यासाठी सरांनी काकूंचं ज्वारीचं पीठ अंगणात पसरलं आणि जीप त्यावर पुढेमागे केली. हवा कमी केली की पिठावरचा ठसा लांब होतो, जास्त कमी केली की मधली बाजू उचलली जाते आणि ठसा फाटतो, हे त्यांनी मला ओणवं करून दाखवलं. हवा कमी असली तर रिम आतल्या आत फिरतं आणि टायर मागे राहतं, म्हणून रिमपासून टायरपर्यंत चुन्याची एक रेघ मारून ठेवली. रेघ तुटली की समजायचं, आत घसरलं. काकू दारात उभ्या राहून पिठाकडे बघत होत्या. "आवं, इतवारी दळून आणलेलं होतं ते," एवढंच म्हणाल्या, आणि झाडून घेतलं.

काकू नेहमी एवढंच म्हणायच्या. "तुमचं तुमी बघा." जेवण गार झालं, पाहुणे न सांगता आले, अंगणात जीपचे भाग पसरले, काहीही झालं तरी तेच. घरात आवाज एकाचाच, आणि तो सरांचा. मला कधी कधी इतका राग यायचा की वरून ओरडावंसं वाटायचं, अहो काकू, एकदा तरी ताट आपटा! पण मी भाडेकरू.

तर टायर रस्ता धरायला लागले. आणि जीप तुटायला लागली.

पहिल्या करीला उपरणं पडलं, टायरांनी रस्ता असा धरला की मागचा ॲक्सलच मोडला. जीप रेघेवरच राहिली. सर खाली उतरले ते आनंदाने. "बघितलंत? टायर सुटलं न्हाई!" मग जाड ॲक्सल बसवला. पुढच्या वर्षी ॲक्सल टिकला, तर गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला आणि दांडा रस्त्यावर आपटला. मग सांधा मजबूत केला, आणि दांडा तुटलाच तर जमिनीत रुतून जीप उलटू नये म्हणून त्याच्याभोवती लोखंडी पट्टीचं कडं घातलं. त्यानंतर क्लच गेला. क्लच भारी घातला तर इंजिनच आपल्या बैठकीवरून उचकटलं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पिळवटायला लागले म्हणून त्यांना आडवा दांडा दिला. दर वर्षी जीप जास्त मजबूत होत होती आणि दर वर्षी ती रेघेच्या पुढे जात नव्हती. साडूभाऊ लिंबापाशी फेटा बांधून हात हलवायचे.

मी एकदा विचारलं, "सर, आधीची साधी टायरं होती तेव्हा यातलं काहीच तुटत नव्हतं ना?"

"न्हाई."

"मग?"

सर जीपखालून बाहेर आले. हात काळे. "मॅडम, गाडीत कुणीतरी नमतं घेणारं लागतं. आजवर ते टायर घेत होतं. जोर आला की ते आपलं घसरायचं, म्हणून बाकी सगळे सुखात होते. आता त्यानं नमतं घेणं सोडलं. म्हणून मागच्या एकेकाची औकात कळायलीय."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो सरांच्या हातावर ओतला आणि आत गेल्या.

जिंतूरला साडूभाऊंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सरांचा मुलगा पुण्याहून आला होता. चांगला मुलगा. त्याचं एकच म्हणणं: आईबाबांनी आता पुण्याला यावं, फ्लॅटमध्ये खोली तयार आहे, इथे ह्या वयात जीपखाली झोपण्यात काय अर्थ आहे. पंगतीत तो तेच बोलत होता. साडूभाऊ गडगडले, "आरं, ते कशाचे येतेत! त्यांची जीप अजून लिंबापत्तूर पोचायची हाय!" सगळी पंगत हसली.

सरांनी हातातला घास खाली ठेवला. "या करीला तुमच्या आधी लिंबाला पोचलो न्हाई, तर जीप भंगारात. आन आमी दोघं पुण्यात. कायमचे. शब्द हाय माझा."

काकू वरण वाढत होत्या. पळी हातात तशीच राहिली. मग त्यांनी पुढच्या पानावर वरण वाढलं.

परभणीला परत आल्यावर काकू मला पुण्याबद्दल विचारायला लागल्या. मी पुण्याची. "माय, तिथं सडा कुठं टाकतेत?" मी म्हणाले, टाकत नाहीत. "मग सकाळी उठून बाया काय करतेत?" "शेजारीण वट्ट्यावरून हाक मारती का?" "कढीपत्ता इकत आणतेत म्हणं. खरं हाय का?" मला वाटलं, जायच्या तयारीत आहेत, नातवाजवळ राहायला मिळेल म्हणून खूश असतील. मुलालाही तसंच वाटलं. सरांना तर खात्रीच होती. एकदा ते जीपच्या टपावर हात ठेवून हळू आवाजात मला म्हणाले, "हिचं मन पुण्यात हाय. माझं इथं. हरलो तर निदान एकाचं तरी भलं." त्या आवाजाची मला सवय नव्हती. मी कोथिंबिरीचं काहीतरी बोलून वर निघून गेले.

साडूभाऊ बिलंदर. त्यांनीही चाचांच्या दुकानातून तसलीच गुळगुळीत टायरं आपल्या नव्या गाडीला करून घेतली. टायरमागचं बाकी सगळं त्यांना म्हातारपणाचं खूळ वाटत होतं, ते त्यांनी सोडून दिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जीप तयार होऊन अंगणात उभी होती. उन्हाने रबर कडक होऊ नये म्हणून मागच्या टायरांवर ओलं गोणपाट टाकलेलं. सर मुलाला आणायला स्टेशनवर गेले होते. मी संध्याकाळी जिना चढताना पाहिलं, काकू जीपमागे वाकल्या होत्या, हातात वाटी, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. मला बघून त्यांनी गोणपाट नीट केलं. गाडीला हळदकुंकू लावलं असेल, असं समजून मी वर गेले.

करीच्या दिवशी मी काकूंना स्कुटीवर मागे बसवून माळावर नेलं. निघताना सरांनी माझ्या स्कुटीच्या टायरमध्ये नख दाबलं आणि "हळू," म्हणाले. माळावर ही गर्दी. करीला चांगलं काम करू नये म्हणतात, म्हणूनच बहुतेक सगळं गाव मोकळं होतं. साडूभाऊ गॉगल लावून गाडीत. मुलगा कडेला उभा, फोनवर सामान नेणाऱ्या टेम्पोची चौकशी करत.

सुटण्याआधी सर टायरला आंघोळ घालायचे. म्हणजे मागच्या चाकांखाली थोडं पाणी ओतायचं, पुढची चाकं ब्रेकने धरायची आणि मागची जागेवर गरगर फिरवायची. रबर तापतं, चिकट होतं. एरवी त्या धुराला जळक्या रबराचा वास यायचा. त्या दिवशी अख्ख्या माळावर लोणी कढवल्याचा वास सुटला.

"कुणाच्या घरी तूप कढवायलेत बाप्पा!" गर्दीतला एक म्हातारा म्हणाला.

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. पण उपरणं वर गेलं होतं. ते पडलं.

साडूभाऊंच्या गाडीने रस्ता धरला. असा धरला की सर नुसते बघत राहिले असते. आणि त्याच क्षणी पोटातून फाटकन आवाज आला, गाडीने एक हिसका दिला आणि जागेवर बसली. ॲक्सल. सरांचा पहिल्या वर्षीचाच आजार.

सरांची जीप तर चिखलातल्या म्हशीसारखी करायला लागली. मागची चाकं गरगरतायत, धूर, तुपाचा वास, बूड इकडून तिकडे, आणि पुढे सरकणं पायी चालणाऱ्याच्या बेताचं. पण जीप तुटली नाही. वळवळत, घसरत, हळूहळू वेग घेत ती लिंबाकडे निघाली. पोरं तिच्या बरोबरीने धावायला लागली. काकूंनी माझा दंड इतका आवळला की नंतर वळ उठले. जीप लिंबापाशी पोचली. एकटीच पोचली.

काय तो ओरडा! साडूभाऊ स्वतः गॉगल काढून धावत गेले आणि फेटा घेऊन सरांपुढे उभे राहिले. "मानलं साडूभाऊ!"

सर उतरले. कुणाकडे न बघता मागे गेले, टायरवरून बोट फिरवलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं.

"लोणी," ते म्हणाले. "हळद घातलेलं. कुणी लावलं?"

"मी," काकू पुढे झाल्या. "परवा खांदेमळणी व्हती. आमच्या म्हायेरी पळायच्या बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतेत. आवतनबी दिलं, उद्या जेवायला या म्हनून."

"अगं, टायरला खांदे असतात का?"

"मग वझं कशावर घेतंय त्ये?"

माळ हसून लोळायला लागला. मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फेटा साडूभाऊंच्या हातात परत दिला. "टायर घसरलं. तुमची गाडी तुटली म्हणून मी पोचलो. पकड न्हवतीच. मी हरलो."

"आवं, जिंकलाव तुमी! समद्यांनी बघितलंय!"

"गणितात उत्तर बरोबर आन रीत चूक असली तर मी कधी मार्क दिले न्हाईत," सर म्हणाले, आणि जीपमध्ये बसून घरी गेले. सर आता खरंच पुण्याला जाणार हे कळून साडूभाऊंचा चेहरा इतका पडला की जणू जिंकणं त्यांच्या गळ्यात मारलं होतं.

संध्याकाळी सरांनी माळ्यावरून मोठी बॅग काढली. मुलगा म्हणाला, परवाच निघू. सर म्हणाले, भंगारवाल्याला सांग. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. वर जावं हे मला कळत होतं, पण पाय उचलत नव्हता. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि त्या हट्टी म्हाताऱ्याचा गळा दाबावासा वाटत होता.

काकू ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून, सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. "कुठं निघालाव?"

"पुण्याला. शब्द दिलाय."

"कुणी?"

"मी."

"मग तुमी जावा," काकू म्हणाल्या. सूप थांबलं नाही. "हरले असाल तर तुमी हरलाव. मी कुठं हरले? मी जीप लिंबाला पोचावी म्हनून लोणी लावलं. पोचली."

सर बॅग हातात घेऊन उभेच राहिले. "तुला… तुला पुण्याला जायचं न्हाई?"

"कवा म्हनले जायचंय म्हनून?"

"नको बी म्हणाली न्हाईस."

आता सूप थांबलं. "इचारलं कवा? 'आमी दोघं' म्हनालाव भर पंगतीत. दुसरं कोण त्ये? माझं अंगण हितं हाय, माझ्या बाया हितं हायत. समद्या परभणीच्या चपला उलट्या करून बघितल्याव तुमी. ह्या घरातली एक चप्पल उचलली का कधी?"

मी त्यांचा इतका आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. मुलाने फोन खिशात घातला.

सरांनी बॅग खाली ठेवली. दाराच्या कोपऱ्यात काकूंची चप्पल होती. ती उचलून ते दिव्याखाली आले, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला. मला पायरीवरून दिसत होतं. नक्षी कुठेच नव्हती. पुढे नाही, टाचेला नाही. सगळीकडून सारखी झिजून ती चाचांच्या टायरासारखी गुळगुळीत झाली होती. सरांनी अंगठा फिरवला. नख दाबलं. नख उमटलं.

"भंगारवाल्याला सांगू नको," मग ते मुलाला म्हणाले. "शब्द माझ्या एकट्याचा होता. दोघांचा न्हवता."

ते ओट्यावरून खाली उतरले, चप्पल सुलटी केली आणि काकूंच्या पायाशी नीट ठेवली. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

"पकड हाय," ते म्हणाले.

काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "बरं बरं. हात धुवा आता, वाढायलेय मी."